आई हल्ली 'माय डिअर' म्हणते

६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या त्या डोंगरावरच्या वेधशाळेत वारा मोजायचं यंत्र आहे, ऊन मोजायचं आहे, हवेतला ओलावा मोजायचंही आहे. आईच्या मनात काय शिजतंय ते मोजायचं एखादं असेल तर सामान आणणाऱ्या जीपबरोबर खाली धाडून दे. फोन लागत नाही अशा जागी नोकरी धरलीस म्हणून एरवी मी तुला बोल लावते. पण ही गोष्ट फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नाहीच.

तर, आई इंग्रजी शिकते आहे. हसू नकोस. सत्तरीला टेकलेली बाई, बाबा गेल्यापासून एकटीने बटणांचं दुकान चालवते, आणि आठवड्यातून दोनदा दुपारी शटर ओढून क्लासला जाते. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत 'रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी' म्हणून वर्ग भरतो. शिकवणारे गृहस्थ जहाजावर होते म्हणून त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. मी चौकशी केली. ते जहाजावर होते हे खरं, पण चहा द्यायला.

शिकली तर शिकू दे, माझं काही म्हणणं नाही. पण ती शिकते काय, तर नुसती तयार वाक्यं. कालचंच सांगते. दुकानावरच्या तिच्या खोलीत मी भाजी चिरत बसले होते. विचारलं, विजेचं बिल भरलंस का? तर म्हणाली, 'डोन्ट वरी, बी हॅपी.' म्हटलं, आई, भरलंस की नाही? तर म्हणाली, 'टेक इट इझी, माय डिअर.' हे 'माय डिअर' तर माझ्या डोक्यातच जातं. माझं नाव तिने बाबांशी भांडून ठेवलं होतं ना? आता ते नाव कुठे गेलं? गेल्या महिनाभरात तिने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. सगळ्या जगाला माय डिअर, त्यात मीही.

आणि पूर्वीसारखं बोलणं नाही रे. एरवी दोन बटणं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सासूची चार गुपितं ठेवून जायचं, आणि ती चारही संध्याकाळपर्यंत मला कळायची. हल्ली विचारलं तर हसते आणि इंग्रजी फेकते. ताकास तूर लागू देत नाही.

कपड्यांच्या कारखान्यात माझं काम काय, तर तयार मालात उसवलेलं टोक शोधायचं. इथे कुठेतरी टोक उसवलंय, मला दिसतंय. आमचे हे म्हणतात, सासूबाई आनंदात आहेत तर तुला का टोचतंय? तू तरी असलं बोलू नकोस.

बाकी सर्व क्षेम. माया आहेच, ती कमी होऊ न देणं तुझ्या हाती.

तुझी,
ताई

१३ जुलै

ती. स्व. माय डिअर ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र जीपमधल्या कांद्याच्या पोत्याखाली सापडलं, तरी त्यातला संशय जराही चेपला नव्हता.

अगं, तुला नक्की सलतंय काय? आई इंग्रजी शिकते हे, की तिने नाव टाकलं हे? नावाने हाक मारली की तू म्हणायचीस एवढ्या मोठ्याने ओरडू नकोस. त्याआधी ती तुला 'मुंगी' म्हणायची, काऊंटरखाली बसून सांडलेली बटणं एकेक उचलून रांगेत लावायचीस म्हणून. हायस्कुलात गेल्यावर तू घर डोक्यावर घेऊन ते बंद पाडलंस. मैत्रिणींसमोर तिने मुंगी म्हटलं तेव्हा तू दोन वेळ जेवली नव्हतीस, मला चांगलं आठवतं. तुझ्या वाटचंही मलाच खावं लागलं होतं. तेव्हा आता बिचारीने माय डिअर म्हटलं तर ते तरी गोड मानून घे.

मलाही तिने मागच्या पत्रात इंग्रजी पाजलं. लिहिलं होतं की ती 'अंडर द वेदर' आहे. मी वेधशाळेतला माणूस, मला वाटलं माझ्या खात्यातलं काहीतरी विचारते आहे, म्हणून मी दोन पानं ढगांवर लिहिली. आमच्या साहेबांनी सांगितलं की त्याचा अर्थ जरा बरं वाटत नाही एवढाच.

बाबा गेले, तू सासरी, मी डोंगरावर. दुपारी चार माणसांत जाऊन बसावंसं तिला वाटलं तर त्यात पाणी कुठे मुरतंय? आणि समज, कॅप्टन तिला आवडलाच, तर काय आभाळ कोसळलं? जहाजावरचा चहा चांगला असतो म्हणतात.

रागावू नकोस. भाओजींना नमस्कार. रागातही लोभ धरून असावं, ही विनंती.

तुझा,
धाकटा

२१ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा विनोद पोचला. आता हे वाच आणि मग हस.

आईच्या दुकानातले भिंतभर पुठ्ठ्याचे डबे तुझ्या डोळ्यांसमोर असतीलच. एकावरही अक्षर नाही. बाबा म्हणायचे चिठ्ठ्या लाव, ती म्हणायची चिठ्ठ्या लावते ती दुसऱ्याच्या दुकानात बसलेली बाई. न बघता हात घालायची आणि हवं तेच बटण काढायची. परवा मी गेले, तर प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्या बटणाचा नमुना दोऱ्याने टाचलेला! शिंपल्याचं बटण, लाकडी बटण, कोटाचं, झबल्याचं, हुक, चाप, सगळं. विचारलं हे कशाला, तर म्हणाली गिऱ्हाइकांना सोपं जातं. आजवर गिऱ्हाइकांना अवघड जात होतं का? अशी तयारी माणूस स्वतःसाठी करत नाही. दुकान नव्या माणसाच्या हाती द्यायचं असलं म्हणजे करतो.

आणखी एक. हल्ली कुणी नुसतं तोंडी सांगितलं की अमुक बटण द्या, तर देत नाही. कापड घेऊन या, नाहीतर बोट दाखवा म्हणते. लोक कुरकुरतात.

आता खरी गोष्ट. गुरुवारी मी कारखान्यातून लवकर सुटले आणि तिला न कळवता दुकानाशी गेले. दारात उभी राहून काचेतून बघितलं. कॅप्टन काऊंटरच्या आतल्या बाजूला, बाबांच्या स्टुलावर बसलेला. बाबांच्या! एकेक वस्तू उचलून आईसमोर धरत होता. कात्री धरली, मोजपट्टी धरली, टाचण्यांची डबी धरली. आई कधी काही बोलायची, कधी नुसती मान हलवायची. मालाची मोजदाद चालली होती हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी दार ढकललं तशी त्याने कात्री खाली ठेवली. आणि आईने मला बघून काय म्हणावं? 'लाँग टाइम नो सी, माय डिअर.' आदल्या संध्याकाळीच मी तिच्याकडे जेवून आले होते.

एवढ्यावर थांबत नाही. शेजारच्या इस्त्रीवालीने सांगितलं की दोघं वकिलाच्या इमारतीत जिना चढताना दिसली. वर जाताना आईने त्याचा हात धरला होता. मी आईला आडून विचारलं की गेल्या आठवड्यात कुठे गेली होतीस. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, 'हिअर अँड देअर.'

दुकान लिहून घ्यायचा डाव आहे. ती वाक्यं पाठ करते ती परक्या लोकांसमोर सही करताना बोलायला. तुझंही ते घर आहे, तेव्हा विनोद बाजूला ठेव आणि तू तिला सरळ पत्र लिहून विचार. तुझ्याशी ती खोटं बोलत नाही.

कळावे. लोभ आहे, फक्त सध्या तो जरा धुसफुसतो आहे.

तुझी,
ताई

२७ जुलै

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचून फार आनंद झाला. इकडे सर्व ठीक आहे. माझी तब्येत छान आहे. दुकान छान चाललं आहे. हवा बरी आहे. तू काळजी घे. वेळेवर जेवत जा. थंडीचं अंगभर घालत जा.

क्लासचं विचारलंस. क्लास छान आहे. सर चांगले आहेत. 'सो फार, सो गुड.' तुझी बहीण उगाच काळजी करते. तिला सांग, 'टेक इट इझी.' दुकान कुणाला देत नाही. त्या कापायच्या वस्तूला धार लावून आणली, आता छान चालते.

तू कधी येतोस? आलास की बोलू. वेळेवर जेवत जा.

माझा जीव तुझ्यापाशी आहेच, तुझाही इकडे असू दे.

तुझी,
आई

२ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं उत्तर आलं. सोबत पाठवतो आहे. आधी ते वाच, मग माझं वाच.

वाचलंस? मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला काही सुचेनासं झालं आहे. आमच्याकडे वाऱ्याचा काटा सारखा थरथरत असतो. एखाद्या दिवशी तो अगदी शांत, सरळ उभा राहिला, तर नवीन माणूस लिहून टाकतो की वारा पडला. जुना माणूस शिडी लावून वर चढतो, कारण इथे वारा पडत नाही, काटा अडकतो. आईचं पत्र तसं सरळ उभं आहे.

तिची आधीची पत्रं काढून बघितली. मागच्या वर्षीच्या एका पत्रात समोरच्या बिऱ्हाडाच्या भांडणावर दीड पान होतं, तू नवीन पडदे घेतलेस ते तिला कसे आवडले नाहीत यावर अर्धं, आणि माझ्या दाढीवर तर शेवटपर्यंत तोंडसुख घेतलं होतं. ह्या पत्रात एक चहाडी नाही, एक टोमणा नाही. दोनदा वेळेवर जेवत जा आहे. सगळी वाक्यं अशी, की कुणीही कुणालाही लिहावीत.

आणि ताई, 'कापायची वस्तू'. बटणांच्या दुकानात जन्म काढलेली बाई कात्रीला कापायची वस्तू का म्हणेल? कॅप्टनने तिच्यासमोर कात्री धरली होती असं तूच लिहिलंस. तो मोजदाद करत होता की तिला त्या वस्तूचं नाव विचारत होता? डब्यांवर नमुने नव्या मालकासाठी टाचलेत, की तिच्याचसाठी? वकिलाच्या त्या इमारतीत आणखी कोण बसतं?

तू सारखी कॅप्टनवर नजर ठेवून आहेस. मी इथे बसून थट्टा करतो आहे. आपल्यापैकी आईकडे कुणी बघितलं का? मला वाटतं तिचे शब्द हरवताहेत. आणि आपल्याला कळू नये म्हणून ती तयार वाक्यांनी भोकं बुजवते आहे. माझा तर्क चुकीचा निघो. चुकीचा निघाला तर मी कॅप्टनच्या पायावर डोकं ठेवीन आणि तुझ्याही.

मी रजेचा अर्ज टाकला आहे, बदली माणूस आल्याशिवाय सोडणार नाहीत. तोवर तू शांत राहा. क्लासला जाऊन तमाशा करू नकोस, एवढं माझं ऐक. तिला एकटीला घे, घरी, चहा कर, आणि विचार.

मला भीती वाटते आहे. हे लिहून टाकलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

लोभ असो नसो, पत्र मात्र लगेच असावं.

तुझा,
धाकटा

७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. तमाशा मी परवाच करून आले होते.

सगळं सांगते, गाळत नाही. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, तळ्याचं आणि दोन हंसांचं चित्र रंगवलेल्या पडद्यासमोर खुर्च्या मांडलेल्या. एक नळवाला, एक नर्स, एक नवीन लग्न झालेली मुलगी, निवृत्त बस ड्रायव्हर, आणि पहिल्या खुर्चीवर आई. नळवाला उभा राहून इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि एका शब्दाशी अडला होता. कुणी हसत नाही, कुणी पुढचा शब्द सांगत नाही, सगळे नुसते थांबलेले. मला ते विचित्रच वाटलं. शेवटी त्याने हात वर केला, 'गिव्ह मी अ हँड' म्हणाला, तेव्हा कुठे नर्सने शब्द सांगितला. तसा त्यांचा नियम आहे म्हणे.

मी दारात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. डबे, मोजदाद, बाबांचं स्टूल, वकील, काही ठेवलं नाही. म्हाताऱ्या बाईला गोड बोलून दुकान घशात घालायला निघाला आहात असं तोंडावर म्हटलं. कॅप्टन उठले. आईकडे बघितलं त्यांनी.

आई उभी राहिली. मला वाटलं आता माझी सालटी निघणार. तिने सुरुवात तशीच केली, आपल्या भाषेत, अगं वगैरे म्हणून. मग थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. तिचा हात हवेत चाचपडत होता, न बघता डब्यातून बटण काढायची ना, तसा. हाताला काही लागत नव्हतं. आणि धाकट्या, ते सगळे नळवाल्यासाठी थांबले होते तसेच तिच्यासाठी थांबले. मला एकटीला कळत नव्हतं की सगळे कशाची वाट बघताहेत. मी ओरडले की आता का बोलत नाहीस? तेव्हा ती म्हणाली, 'इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग,' आणि खाली बसली. अगदी स्वच्छ, न अडखळता म्हणाली. ओठांवर आलंय पण येत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

नंतर कॅप्टनने मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. त्यांच्या बायकोचं असंच झालं होतं. सुटे शब्द गेले, पण पाठ असलेली वाक्यं अखंडच्या अखंड तोंडातून यायची, एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी. आईने क्लासच्या पहिल्याच दिवशी त्यांना बाजूला घेऊन हे सांगून टाकलं होतं. त्यांना, मला नाही. वकिलाच्या वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात. ते म्हणतात, हे हळूहळू चालणारं आहे, किती हळू ते कुणी सांगू शकत नाही.

कारखान्यात मी बाहीच्या आतला एक सुटा टाका शोधून अख्खा गठ्ठा परत पाठवते. इथे सख्ख्या आईचं बोलणं डोळ्यांदेखत उसवत होतं आणि मी बाबांच्या स्टुलावर कोण बसलं ते बघत होते. मला स्वतःची चीड आली आहे.

पण आता रडून भागणार नाही. मी ठरवलं आहे. महिनाअखेरीला दुकान बंद करायचं आणि तिला माझ्याकडे आणायचं. समोरची खोली रिकामी आहे. क्लास वगैरे पुरे. यांनाही पटलं आहे. तुझी संमती कळव.

मायेने विचारते, मायेनेच उत्तर दे.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

चि. बाळास,
अ. उ. आ.

हे पत्र मी एकटीने लिहिते आहे. सर मदत करत नाहीत. जिथे शब्द आला नाही तिथे रेघ मारली आहे. तू तुझा घाल. मला बरेच दिवस लागले, तू सावकाश वाच.

तुझी बहीण दुकान बंद करणार म्हणते. तुमचं दोघांचं ठरायच्या आत माझं ऐक.

तुला माझी थोरली बहीण आठवते. तिचं असंच झालं. मुलाने तिला घरी नेलं. फार चांगला मुलगा. सून चांगली. ती बोलायला लागली की सगळे मिळून तिचं वाक्य पुरं करायचे. प्रेमाने. तिला पाणी म्हणायचं असलं की तिच्या आधी पाणी यायचं. मग तिने बोलणं सोडलं. कशाला बोलायचं? ती ——पाशी बसायची, जिथून बाहेर दिसतं तिथे. तू लहान होतास. मी विसरले नाही. बघ, हे विसरले नाही.

तुम्ही विचाराल की इंग्रजीच का. सांगते. आपल्या भाषेत मी अडले तर माणसं घाबरतात. तोंडाकडे बघतात. घरी कळवतात. इंग्रजीत अडले तर कुणाला काही वाटत नाही. तिथे सगळेच अडतात. नळवाला माझ्याहून जास्त अडतो. त्या खोलीत शब्द न सापडणं हा आजार नाही, तो अभ्यास आहे. म्हणून मी जाते. तिथे मी आजारी नसते.

दुकानात मला अजून सगळं कळतं. नाव येत नाही पण बटण कळतं. कुठल्या शर्टाला कुठलं, ते बोटांना कळतं. गिऱ्हाइकाने कापड ठेवलं की मी —— उघडते आणि देते. ते चुकलेलं नाही. चुकायला लागलं की मीच शटर ओढीन. त्या —— ची शपथ, ज्याने बाबा माप घ्यायचे.

आणखी एक. हे तिला सांगू नकोस. वस्तूंच्या आधी माणसांची नावं जातात. कधी असतात, कधी नसतात. 'माय डिअर' सगळ्यांना चालतं. तिचं नाव मी ठेवलं होतं. बाबांशी भांडून. भांडण आठवतं सगळं. नाव आठवत नाही. ती रागावते ते मला दिसतं. पण विचारू कसं? मुलीला तिचं नाव कोण विचारतं?

तुझंही नाही आलं आज. म्हणून बाळ लिहिलं.

दुकान राहू दे. एवढंच मागते. पूर्वीसारखा लोभ कर, नवीन काही करू नकोस.

तुझी,
आई

१७ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. ते पाठवत नाही, तिने माझ्यापाशी ठेवायला सांगितलं आहे. एवढंच सांगतो की ते खरं पत्र आहे, जागोजागी भोकं असलेलं, आणि मी ते वाचून यंत्रांच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडलो.

दुकान बंद करायला माझी संमती नाही. मावशीला तिच्या मुलाने घरी नेल्यावर ती खिडकीपाशी बसून कशी गप्प होत गेली ते आठव. आईला त्याचीच धास्ती आहे.

तू एक कर. एक दिवस तिच्याबरोबर त्या क्लासला बस. दारात उभी राहू नकोस, खुर्चीवर बस. ती अडली तर तू शब्द सांगू नकोस. तुला ते फार जड जाईल, तू लहानपणी माझीसुद्धा वाक्यं पुरी करायचीस. पण तोंड मिटून बस. त्यानंतरही तुला दुकान बंद करावंसं वाटलं तर मी आडवा येणार नाही.

महिनाभरात रजा मिळेल असं साहेब म्हणतात. तोवर आईला सांभाळ, आणि तुझ्या मनालाही. लोभाचं काय सांगायचं, तो तुला ठाऊक आहे.

तुझा,
धाकटा

२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

गेले होते. बसले होते. ऐक.

आधी सगळ्यांची माफी मागितली. नळवाल्याने 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हटलं, ते बहुधा त्याच दिवशी शिकला असावा, कारण दोनदा म्हटलं. कॅप्टनने मला खुर्ची दिली आणि म्हणाले आता तुम्हीही विद्यार्थी. मग त्यांनी मला काहीतरी सोपं विचारलं, आज काय काय केलंत असं. मी शाळेत इंग्रजीत पहिली यायचे रे! उभी राहिले आणि बोलती बंद. सकाळी कारखान्यात जे केलं त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. सगळे थांबले. त्या शांततेत नुसतं उभं राहणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी हात वर केला, आणि शब्द कुणी सांगितला? आईने. 'इन्स्पेक्शन, माय डिअर.' आणि अशी काही हसली, की तिचं ते जुनं हसू मी कित्येक दिवसांनी बघितलं.

मग पाठ होता, आपल्या माणसाची ओळख करून द्यायचा. नर्सने तिच्या शेजारच्या मुलीची करून दिली, ड्रायव्हरने नळवाल्याची. आईची पाळी आली. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'धिस इज माय डॉटर.' तेवढं झोकात आलं. 'हर नेम इज', आणि थांबली.

धाकट्या, मला तेव्हा कळलं. माय डिअर का, ते. तुला हे आधीच माहीत होतं, हो ना? तू ते पत्र का पाठवलं नाहीस तेही कळलं.

माझं नाव माझ्याच ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. तू सांगितलंस म्हणून नाही, तिने हात वर केला नव्हता म्हणून. तिची बोटं माझ्या खांद्यावर चाचपडत होती. सगळे थांबले होते. मी हंसांच्या पडद्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणत होते, नाही आलं तरी चालेल, खरंच चालेल, खाली बस. ती बसली नाही. शोधत राहिली.

आणि मग म्हणाली, 'मुंगी.'

कॅप्टनने विचारलं, म्हणजे काय? आईने सांगितलं. आपल्या भाषेत सांगितलं, थांबत, अडत, पण कुणाची मदत न घेता सगळं सांगितलं. काऊंटर, खाली सांडलेली बटणं, ती मी एकेक करून कशी उचलायचे, एकही सोडायचे नाही, आणि रांग मोडली की कशी भोकाड पसरायचे. सांगून झाल्यावर सगळ्या खोलीने एका सुरात म्हटलं, 'नाइस टु मीट यू, मुंगी.' निवृत्त ड्रायव्हरने तर टोपी काढली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुकान चालू राहणार. संध्याकाळी कारखाना सुटला की मी तिथे जाऊन काऊंटरच्या अलीकडे बसते, पलीकडे नाही. ती अडली तर थांबते. जमत नाही अजून, जीभ चावावी लागते. आतल्या कपाटातल्या डब्यांवर नमुने टाचायचे राहिले होते, ते आम्ही दोघींनी मिळून टाचले. डॉक्टर काही सांगत नाहीत तर नाही. तिला शटर ओढावंसं वाटेल तेव्हा ती ओढेल, मी किल्ली मागणार नाही.

कॅप्टनबद्दल माझं मत थोडं सुधारलं आहे. पण आई त्यांच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घालते, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. तू आलास की ह्यावर बोलू.

लवकर ये. आणि आल्यावर मला ताई म्हटलंस तरी चालेल, पण आईसमोर दुसरं म्हण. ती वाट बघते आहे, आणि तिच्यापाशी माझं तेवढंच एक उरलं आहे. ते रोज वापरात ठेवायला हवं.

लोभ धरला आहेस, तो सोडू नकोस.

तुझी,
मुंगी